पाणबुड्या येतील, सुरुंगशोधक नौकांचं काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझगाव डॉक आणि जर्मनीतल्या कीलची टीकेएमएस ही जहाजबांधणी कंपनी यांनी मिळून आपल्या नौदलासाठी सहा पाणबुड्या बांधायच्या, या बोलण्यांवर आपल्या पुरवणीत सविस्तर लेख आला. इंधनघटावर (फ्युएल सेलवर) चालणारी पाणबुडी वर न येता इतके दिवस पाण्याखाली कशी राहते, हे त्यात छान समजावलं आहे. कीलशी आपली ओळख जुनी आहे, एवढं मात्र त्यात यायला हवं होतं. ‘शिशुमार’ आणि ‘शंकुश’ तिथेच बांधून १९८६ मध्ये नौदलात दाखल झाल्या आणि पुढच्या दोन, ‘शल्की’ आणि ‘शंकुल’, इथे माझगावात बांधल्या गेल्या. माझी तक्रार वेगळी आहे. जर्मन नौदलाचं कौतुक करताना लेखकांची नजर पाणबुडीवरून हलतच नाही. ती पाणबुडी ज्या फ्लोटिलात, म्हणजे जहाजांच्या ताफ्यात आहे, तिथे तिच्या शेजारी कोण उभं आहे हे पाहिलं असतं, तर आपल्या घरातली एक रिकामी जागा दिसली असती, समुद्रात पेरलेले सुरुंग शोधणाऱ्या नौकांची.

२००६ पर्यंत जर्मनांची मांडणी जहाजांच्या जातीनुसार होती. विनाशिका आणि फ्रिगेटची एक फ्लोटिला, वेगवान क्षेपणास्त्र बोटींची दुसरी, पाणबुड्यांची तिसरी, सुरुंगवाल्यांची चौथी. सोव्हिएत आरमार बाल्टिकमधून बाहेर पडू द्यायचं नाही, या एकाच कामासाठी ती व्यवस्था ठीक होती. ते काम संपलं आणि जहाजं दूर आफ्रिकेच्या शिंगाकडे, सोमालियाच्या बाजूला जाऊ लागली. तेव्हा जून २००६ मध्ये जुनी घडी मोडून दोन मिश्र फ्लोटिला उभ्या केल्या. पहिलीचं ठाणं कील, दुसरीचं विल्हेल्म्सहाफेन. नौदलाची विमानं आणि हेलिकॉप्टरं आता नॉर्डहोल्झच्या वेगळ्या कमांडकडे, आणि या सगळ्यांवर रोस्टॉकचं मुख्यालय.

दुसऱ्या फ्लोटिलाबद्दल थोडक्यात सांगतो. मोठ्या फ्रिगेट आणि त्यांना इंधन-रसद पुरवणारी जहाजं तिच्याकडे. ऑक्टोबर २०२४ मध्ये गोव्यात आलेली ‘बाडेन-व्युर्टेम्बर्ग’ आणि ‘फ्रांकफुर्ट आम माइन’ ही जोडी तिचीच. तेव्हाचे जर्मन चॅन्सेलर शोल्झ दिल्लीहून मुद्दाम तिथे गेले, म्हणून सगळीकडे फोटो छापून आले. पुढची गोष्ट फारशी कुणी छापली नाही. सात हजार टनांची ती फ्रिगेट परतताना तांबडा समुद्र टाळून केप ऑफ गुड होपला वळसा घालून गेली. घरापासून दूर दोन-दोन वर्षं राहायचं, खलाशी चार-चार महिन्यांनी बदलायचे, अशा बेताने ती बांधलेली. लांब पल्ल्याची हवाई संरक्षण क्षेपणास्त्रं तिच्यावर नाहीत. चाच्यांच्या काळासाठी बांधलेलं जहाज येमेनच्या हुथी बंडखोरांच्या क्षेपणास्त्रांपुढे न्यायचं कसं?

खरी पाहण्यासारखी आहे ती कीलची पहिली फ्लोटिला. एकेर्नफोर्डला सहा पाणबुड्या, वार्नेम्युंडेला कॉर्व्हेट (फ्रिगेटहून लहान युद्धनौका), खुद्द कीलला सुरुंगशोधक नौकांची स्क्वाड्रन. शिवाय नौदलाचे पाणबुडे कमांडो, आणि २०१४ मध्ये उभी केलेली सागरी बटालियन. दुसऱ्याच्या जहाजावर चढून झडती घेणारी पथकं आणि सुरुंग निकामी करणारे पाणबुडे या बटालियनमध्ये आहेत. या सगळ्याचा प्रमुख एक-तारा अधिकारी, म्हणजे आपल्या कमोडोरच्या तोडीचा. मोहिमेवर गेलेली जहाजं तो चालवत नाही. ती नाटोच्या, संयुक्त राष्ट्रांच्या किंवा युरोपीय संघाच्या हुकमाखाली जातात. जहाज दुरुस्त आणि खलाशी तयार असले पाहिजेत, ही जबाबदारी त्याची. उथळ आणि चिंचोळ्या पाण्यातल्या लढाईचा अभ्यास करणारं नाटोचं केंद्र कीललाच आहे आणि त्याचा संचालकही हाच अधिकारी असतो. बाल्टिकची सरासरी खोली पन्नास-पंचावन्न मीटर. अशा पाण्यात काय काय लागेल, याचा विचार करून ही मांडणी झाली आहे.

त्यातल्या सुरुंगशोधक नौकेचं काम जवळून पाहण्यासारखं असतं. नौका लहानच, चोपन्न-पंचावन्न मीटर लांब. सांगाडा चुंबकाला न चिकटणाऱ्या पोलादाचा, कारण तळाशी पडलेला सुरुंग वरून जाणाऱ्या लोखंडाचं चुंबकत्व ओळखतो. जर्मन पाणबुडीलाही तसलंच पोलाद वापरतात. काही सुरुंग तर मोजून फुटतात, पहिली चार जहाजं जाऊ देतात आणि पाचव्याखाली उडतात. म्हणून नौका दूर उभी राहते आणि ध्वनिलहरींच्या सोनार यंत्रावर इंच-इंच तळ पाहते. संशयास्पद काही दिसलं की ‘झेफुक्स’ नावाचं छोटं पाण्याखालचं यान तारेला बांधून सोडतात. त्याच्या कॅमेऱ्यात सुरुंग आहे, की जुनं पिंप, की नुसता दगड हे दिसतं. सुरुंग असेल तर यान स्वतःसकट त्याला उडवून देतं. कधी पाणबुड्या माणसालाच खाली जावं लागतं. बंदराचा रस्ता मोकळा झाला असं सांगायला दिवसच्या दिवस जातात. कंटाळवाणं काम आहे आणि त्याचे फोटोही चांगले येत नाहीत.

जर्मनांचं सगळं आलबेल आहे असं नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये नॉर्वेजवळ एका पाणबुडीचं सुकाणू खडकाला आपटलं आणि त्या घडीला सहापैकी एकही पाणबुडी समुद्रात जाण्याजोगी उरली नाही. पैसे वाचवायला सुट्या भागांचा साठा आधीच छाटून टाकला होता. जहाज दुरुस्तीत उमेदीची वर्षं घालवलेल्या माझ्यासारख्याला याचं आश्चर्य वाटत नाही. माझगावच्या करारात सुट्या भागांचं कलम कसं लिहिलं जातंय, हे आपल्या वार्ताहरांनी जरूर पाहावं.

आता आपल्याकडे या. सुरुंग काढणारी सोव्हिएत बनावटीची बारा जहाजं आपल्याकडे होती. ती एकेक करून निवृत्त झाली आणि एप्रिल २०१९ मध्ये शेवटचं ‘आयएनएस कोझिकोड’ही गेलं. गोवा शिपयार्डमध्ये दक्षिण कोरियाच्या मदतीने बारा नवी जहाजं बांधायची होती, ती बोलणी २०१८ मध्येच फिसकटली. जुलै २०२५ मध्ये संरक्षण खरेदी परिषदेने अशा नौकांना प्राथमिक मंजुरी दिली. प्राथमिक मंजुरी ते पाण्यात उतरलेलं जहाज हे अंतर आपल्याकडे किती असतं, हे पाणबुड्यांच्या याच प्रकल्पावरून दिसतं. तोवर इतर जहाजांवर बसवायच्या उपकरणांवर भागवायचं.

ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ही दोन व्यापारी जहाजं आदळली, कंटेनर पाण्यात वाहू लागले आणि मुंबई बंदर व न्हावा-शेवा दोन्हींची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. तो साधा अपघात होता. त्याच वाटेवर कुणी मुद्दाम चार सुरुंग टाकले, किंवा टाकल्याची नुसती आवई उठवली, तर आपल्या नव्या पाणबुड्या गोदीतून बाहेर तरी कशा पडणार?

चार डिसेंबरला नौदल दिनाच्या पत्रकार परिषदेत पाणबुड्यांचा प्रश्न सगळेच विचारतात. आपल्या प्रतिनिधीने यंदा एवढंच विचारावं, की पहिली सुरुंगशोधक नौका कुठल्या गोदीत, कुठल्या वर्षी पाण्यात उतरणार. उत्तर जे येईल ते पहिल्या पानावर छापा.

आपला,
एक निवृत्त जहाज-फिटर,
माझगाव, मुंबई