ढोलाला आधी खोली लागते

ओकलंड, कॅलिफोर्नियाच्या माननीय महापौरांस,
सप्रेम नमस्कार.

इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयात वेगळी देतेच आहे. मराठीत लिहिते ते इथल्या आमच्या मंडळींसाठी. गणपतीच्या आधी ढोल-ताशाच्या सरावाला मोकळं पार्किंग शोधत जे फिरतात, त्यांना माझं म्हणणं चटकन कळेल.

विषय आहे अ‍ॅलिस स्ट्रीटवरच्या मलोंगा कास्केलोर्द सेंटर या कलाकेंद्राचा. इमारत शहराच्या मालकीची. नाव ज्यांचं दिलं ते मलोंगा काँगोचे, नर्तक आणि ढोलवादक. २००३ साली मोटार अपघातात गेले. सेनेगल, गिनी, लायबेरिया या पश्चिम आफ्रिकेतल्या देशांचं नृत्यही याच छताखाली वाढलं. झकारिया द्यूफ सेनेगलचे, नेओमी द्यूफ लायबेरियाच्या. १९७५ साली सुरू झालेली त्यांची ‘दियामानो कुरा’ ही संस्था इथलीच. या दोघांना २०२० साली राष्ट्रीय पातळीवरची हेरिटेज फेलोशिप मिळाली. अशा गुरूंच्या संस्थेला आपण देतो काय, तर तासावर भाड्याची खोली.

मी या पश्चिम आफ्रिकी नृत्याच्या वर्गाला जाते. पहिल्या दिवशी मनात एक-दोन-तीन-चार मोजत होते. बाईंनी हसून थांबवलं, म्हणाल्या, मोजू नकोस, ऐक. पाऊल कधी बदलायचं ते मुख्य जेंबेवाला (जेंबे म्हणजे हाताने वाजवायचा ढोल) एका ठरावीक बोलाने सांगतो, आणि तो बोल कधी टाकायचा हे तो नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघून ठरवतो. कुणी दमलं तर लवकर, कुणी रंगात आलं तर उशिरा. मागे तीन डुनडुन, म्हणजे काठीने वाजवायचे ढोल: केंकेनी, संगबान, डुनडुनबा. त्यांनी ठेका धरला नाही तर जेंबेचं सगळं बोलणं हवेत जातं.

म्हणूनच सरकारी कागदावर ‘संवर्धन’ हा शब्द दिसला की माझ्या पोटात गोळा येतो. कॅमेरे येतात, चित्रण होतं, हार्ड डिस्क कपाटात जाते. चित्रण जरूर करा, पण त्यातला जेंबे माझ्या पायांकडे बघणार नाही. ही कला टिकवायची तर वादक खोलीत हवा, आणि त्याला त्या संध्याकाळचे पैसे मिळायला हवेत. मागे एका सभागृहाने आमच्या वर्गाला कळवलं होतं, ढोल नकोत, स्पीकर चालेल. आम्ही दोन आठवडे स्पीकरवर नाचलो. तिसऱ्या आठवड्यात निम्मा वर्ग आलाच नाही.

एक कबूल करते. आम्ही शिकतो ते जसंच्या तसं गावातलं नाही. गिनीच्या फोदेबा केइता यांनी १९५२ साली पॅरिसमध्ये ‘ले बाले आफ्रिकां’ हे नृत्यपथक उभं केलं आणि गावच्या रिंगणातलं नृत्य रंगमंचावर आणलं. इथे येईपर्यंत ते आणखी बदललं. लंबान हा नाच मुळात जेलींचा, म्हणजे पिढीजात गायक-वादकांचा; आपल्याकडे संबळ गोंधळ्यांचा, तसा. आज तो सगळ्यांना शिकवतात. त्याबद्दल मला खंत नाही. मात्र तो कुणाचा हे सांगणारं माणूस वर्गात असलं पाहिजे.

आता मागणं. त्या सेंटरातल्या सरावाच्या वेळा या संस्थांना वर्षभरासाठी लेखी द्या, परवडेल अशा दरात. जमीन लाकडी आणि धड असू द्या. अनवाणी उड्या मारणाऱ्यांच्या गुडघ्यांचा प्रश्न आहे. शहराच्या अनुदानात वादकांचं मानधन हा वेगळा रकाना असावा, नाहीतर काटछाट तिथूनच सुरू होते. आणि शेजारी नवे फ्लॅट उभे राहतात तेव्हा परवानगीच्या कागदांतच लिहून घ्या की इथे ढोल वाजतात, आधीपासून वाजतात. २०१५ साली इथल्या लेक मेरिट तळ्याच्या काठी ढोल वाजवणाऱ्यांविरुद्ध आवाजाची तक्रार गेली, पोलीस आले आणि गावभर वाद पेटला. या सेंटरजवळच्या भिंतीवर इथल्याच कलावंतांचं भलंमोठं चित्र होतं. पुढे नवी इमारत आली आणि चित्र तिच्यामागे गेलं.

पत्राला उत्तर नाही दिलंत तरी चालेल, एकदा वर्गाला या. येताना भाषण आणू नका, आणि बूट दाराबाहेर काढावे लागतील.

आपली,
मागच्या रांगेत नाचणारी एक मराठी विद्यार्थिनी