प्रोग्रॅमला विचारा, तुझा बिल्ड कोणता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या संगणक सदरात सी शार्प या प्रोग्रॅमिंग भाषेतील ‘हॅश इफ डीबग’विषयी (‘डीबग’ हे नाव, म्हणजे सिम्बॉल, ठरवलेले असेल तरच पुढच्या ओळी बिल्डमध्ये घ्या, अशी अट) चांगली माहिती आली होती. मात्र असे सिम्बॉल चालू प्रोग्रॅममध्ये वाचता येतात, असा समज त्यातून होऊ शकतो. बिल्डच्या वेळी, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार होताना, अटीत न बसलेल्या ओळी कंपायलर गाळतो आणि सिम्बॉलची यादी डीएलएलमध्ये (तयार झालेल्या फाइलमध्ये) उतरवत नाही. मग रिफ्लेक्शनने (चालू प्रोग्रॅमने स्वतःचीच रचना तपासण्याच्या सोयीने) कितीही खणा, हाती काही लागत नाही.

म्हणून कोणते सिम्बॉल होते याची नोंद बिल्डच्या वेळीच करायची. दोन-चारच सिम्बॉल असतील तर एक स्टॅटिक क्लास पुरतो: हॅश इफमध्ये ट्रू, हॅश एल्समध्ये फॉल्स. ही फील्ड (किमती ठेवणाऱ्या जागा) स्टॅटिक रीडओन्ली ठेवावीत. कॉन्स्ट (कायमची स्थिर किंमत) ठेवली, तर तिची किंमत वापरणाऱ्या दुसऱ्या डीएलएलमध्ये कोरली जाते. मूळ डीएलएल बदलली तरी ती दुसरी जुनेच उत्तर देत राहते. हा घोळ शोधताना दिवस जातो. कोडमध्ये सिम्बॉल ठरवणारे हॅश डिफाइनही त्या एका फाइलपुरतेच, तेव्हा सिम्बॉल प्रोजेक्ट फाइलच्या (बिल्डच्या सूचना असलेल्या फाइलच्या) डिफाइनकॉन्स्टंट्स या यादीत लिहावेत.

पूर्ण यादीच हवी असेल, तर डॉटनेट 5 पासूनच्या एसडीकेत (सी शार्पचे प्रोग्रॅम बिल्ड करण्याच्या साधनसंचात) प्रोजेक्ट फाइलमध्ये असेंब्लीमेटाडेटा ही नोंद टाकून तिची किंमत डिफाइनकॉन्स्टंट्स ठेवता येते. प्रोग्रॅम चालताना असेंब्लीमेटाडेटाॲट्रिब्यूटमधून ती वाचायची. एसडीके काही सिम्बॉल बिल्डच्या ओघात उशिरा भरते. ते या यादीत नसू शकतात. कमांड लाइनवरून डिफाइनकॉन्स्टंट्स दिले, तर प्रोजेक्टमधली यादी जोडली जात नाही, सरळ बाजूला पडते.

सी या भाषेत खोड वेगळी. डीबगची किंमत 0 दिली तरी ‘इफडेफ’ खरेच ठरते, कारण ते फक्त नाव आहे का एवढेच पाहते. ‘इफ’मध्ये स्पेलिंग चुकले, तर ते निमूट 0 धरले जाते, जीसीसी या कंपायलरला ‘डब्ल्यू-अनडेफ’ हा पर्याय दिला की निदान इशारा तरी मिळतो.

नोंद कशी ठेवावी, याचा नमुना एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये पाहावा. ‘प्रॅग्मा कंपाइल ऑप्शन्स’ विचारले की कोणत्या पर्यायांनी बिल्ड झाला ते ओळीने दिसते. लिनक्स कर्नलही (लिनक्सचा गाभा) आपली कॉन्फिग, म्हणजे बिल्डचे निवडलेले पर्याय, ‘प्रॉक’ डिरेक्टरीतील ‘कॉन्फिग डॉट जीझेड’ या फाइलमध्ये दाखवतो. झेडकॅट या कमांडने ती वाचता येते. फाइल दिसलीच नाही, तर बहुधा ती दाखवण्याचा पर्यायच बिल्ड करताना बंद ठेवलेला असतो.

— एक वाचक, पुणे