नारायण पेठेतल्या मेसवाल्या ताईंना

ताई,
स. न. वि. वि.

पत्रावर तुमचं नाव मुद्दामच घातलेलं नाही. घातलं असतं तर "माझं नाव कशाला चारचौघांत?" म्हणून आधी आमच्या पोरीला झाडलं असतंत आणि मग तिला ताट वाढलं असतंत. नारायण पेठेत बोळाच्या तोंडाशी मेस चालवणाऱ्या, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणाऱ्या ताई, एवढ्यावरून ओळखणारे ओळखतील. चिठ्ठी हातात दिली असती तर ती न वाचताच डब्यांच्या रॅकवर गेली असती. शिवाय दर वर्षी माझ्यासारखे कितीतरी आईबाप पोरांचं सामान घेऊन पुण्यात उतरतात. त्यांच्याही कानावर हे गेलेलं बरं, म्हणून हे आभाराचं पत्र उघडच लिहितो आहे.

मी लातूरच्या मार्केट यार्डात आडत दुकानावर मुनीम. तूर आणि सोयाबीनच्या पट्ट्या लिहिण्यात जन्म गेला. आधी वह्या, आता टॅली, काम तेच. हिशोबाची ही खोड घरातही उतरली असावी, कारण लेकीनं सीए व्हायचं ठरवलं. इंटरचे, म्हणजे सीएच्या मधल्या परीक्षेचे, दोन्ही ग्रुप सुटले आणि आर्टिकलशिपचा, म्हणजे सीएच्या हाताखाली करायच्या उमेदवारीचा, प्रश्न आला. लातुरात सीए नाहीत असं नाही. पण इथं बरंचसं काम व्यापाऱ्यांच्या रिटर्नचं आणि जीएसटीचं, आणि तिला कंपन्यांची ऑडिटं बघायची होती. डेक्कनवरच्या एका फर्मनं घेतलं. पूर्वी ही उमेदवारी तीन वर्षांची असायची, २०२३ पासून ती दोन वर्षांवर आली. "दोनच वर्षं तर आहेत," असं मी हिला, म्हणजे पोरीच्या आईला, सांगायचो आणि ही मला सांगायची. पटलेलं दोघांनाही नव्हतं.

आभाराच्या आधी व्यवहाराचं मिटवून टाकतो. पोरीला सोडून आल्यावर मी तुम्हाला पाच किलो तूरडाळ पाठवली होती. लातूरची डाळ, मिलमधून थेट, बिनपॉलिशची. भेट म्हणून पाठवली होती. तुम्ही ती तोलून घेतलीत, पेठेतल्या वाण्याला त्या दिवशीचा भाव विचारलात आणि पुढच्या महिन्याच्या बिलातून तेवढी रक्कम कमी केलीत. पोरीनं बिलाचा फोटो पाठवला. त्यावर तुमच्या अक्षरात, 'डाळ ५ किलो, वजा.' ही चिडली. म्हणाली, कसली बाई आहे, प्रेमानं दिलेलं तरी ठेवून घ्यावं की. मी मात्र भाव पडताळून पाहिला. बरोबर होता. उलट बिनपॉलिशची म्हणून किलोमागं दोन रुपये चढेच धरले होते. तेव्हापासून आमच्या दुकानात नव्या पोरांना मी तुमचं उदाहरण देतो.

खाड्याचंही तसंच. भिंतीवर तुमची पाटी आहे: 'खाडा आदल्या रात्री नऊपूर्वी सांगावा. नंतर सांगितलेला खाडा धरला जाणार नाही. वाद घालू नये.' ती वाचून मी मनात म्हटलं होतं, झालं, आलो पुण्यात. पण पोरगी ऑडिटला कोल्हापूरला गेली तेव्हा एका वेळचा खाडासुद्धा तुम्ही न विसरता वजा केलात. तेव्हा पैशाचं आपलं देणंघेणं चोख आहे. तुमच्या वहीत जे आलं ते फिटलं. वहीत न आलेलं बरंच आहे, हे पत्र त्याचं.

जूनमध्ये मी आणि पोरगी लातूर-मुंबई गाडीनं पहाटे पुणे स्टेशनला उतरलो. सोबत पत्र्याची पेटी, दोन बॅगा आणि घरची गादी, सुतळीनं आवळून बांधलेली. मुलींच्या एका वसतिगृहात फोनवर जागा ठरली होती. तिथं गेल्यावर विचारलं, नोकरीचं पत्र आणलंय की कॉलेजचं बोनाफाईड? आमच्याकडे होता स्टँप पेपरवरचा आर्टिकलशिपचा करार. त्यावर उत्तर आलं की नोकरदार मुलींना पगाराचा दाखला लागतो, आणि स्टायपेंड म्हणजे पगार नव्हे. बरं, विद्यार्थिनी म्हणून घ्या म्हटलं, तर कॉलेज कुठाय? आर्टिकलशिप ही गोष्टच अशी अडनिडी. कागदावर आठवड्याला ३५ तास ऑफिसात काम, साहेबाला म्हणायचं प्रिन्सिपल, वर्षाला रजा १२, आणि परीक्षा डोक्यावर असतेच. नोकरीचे सगळे ताप आणि शिक्षणाचे सगळे खर्च. हे मी त्या टेबलापुढं समजावून सांगितलं, पण त्यांच्या फॉर्मवर तसा रकानाच नव्हता.

पाऊस भुरभुरत होता. पेठांमधून रिक्षा फिरवून फिरवून भूक लागली, तेव्हा तुमची पाटी दिसली. आत येऊन टेकलो तर तुमचं पहिलं वाक्य, "ती वळकटी आधी दारातून काढा. आत्ता पोरं जेवायला येतील, अडखळून पडतील."

मी काढली. आणि उगाच, कुणीतरी ऐकून घ्यावं म्हणून, वसतिगृहाची कहाणी सुरू केली. तुम्ही अर्धी ऐकलीत आणि माझ्याकडं पाठ करून पोरीला विचारलंत, फर्म कुठं, सुटका किती वाजता होते, सप्टेंबरात काय करणार आहेस. तिला सप्टेंबरचं काही कळेना. तुम्ही म्हणालात, "माझ्याकडं सीएची पोरं जेवतात. सप्टेंबरात त्यांची तोंडं बघवत नाहीत. तुला जवळची जागा पाहिजे, रात्री अकराला एकटीनं चालत येता येईल अशी." गल्लीचं नाव, भाडं, सोयी हे सगळं मी फोनवर विचारून घेतलं होतं. रात्री अकराचं मात्र आमच्या घरात कुणाच्याच डोक्यात आलेलं नव्हतं.

वाढपाचं काम मावशींवर सोपवून तुम्ही आम्हाला समोरच्या वाड्यात नेलंत. वरच्या मजल्यावर आजींची खोली, तीन कॉट, एक रिकामी. महिन्याला ४,५०० रुपये, दोन महिन्यांचं डिपॉझिट. मी नेहमीप्रमाणे बोलायला सुरुवात केली, की बघा, आमची मुलगी शांत आहे, अभ्यासू आहे. तुम्ही मला थांबवलंत. "राहणार कोण आहे? तुम्ही?"

मग पोरगी बोलली. तिनं भाडं विचारलं नाही, पंखा विचारला नाही. पहिला प्रश्न, "पाणी किती वेळ येतं?" आजी म्हणाल्या, सकाळी येतं, नंतर ड्रम आहे. ती सरळ मोरीत गेली, ड्रमचं झाकण उचलून तळ पाहिला, नळाखाली बादली ठेवायला जागा आहे का ते पाहिलं. तुम्ही दारातून बघत होतात. "लातूरची ना?" एवढंच म्हणालात.

ताई, २०१६ साली मांजरा धरण आटलं आणि मिरजेहून रेल्वेनं आमच्या गावाला पाणी आणावं लागलं, तेव्हा ती सातवीत होती. शाळेतून आली की दप्तर टाकून घागर घेऊन टँकरच्या रांगेत उभी राहायची. ती पाण्याचं विचारणार हे मला माहीत होतं, पण परक्या शहरातल्या बाईला ते एका प्रश्नावरून कळावं याचं नवल वाटलं. (आता पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि तिला लकडी पुलावरून वळसा घालून ऑफिस गाठावं लागतं. पाणी जास्त झालं म्हणून रस्ता बंद, हे तिनं फोनवर सांगितलं तेव्हा आमच्या घरी कुणाचा विश्वास बसेना.)

डिपॉझिटचे पैसे मी खिशातून काढले, ते तुम्ही तिच्या हातात द्यायला लावलेत. तिनं मोजून दिले आणि पावती मागितली. आजींना ते जरा लागलं. "मी काय पळून जाणार आहे का?" तुम्ही म्हणालात, "द्या हो पावती. सीए होणारे ती, सवय लागू दे." आजी हसल्या आणि कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पावती लिहून दिली. ती पावती तिनं करारासोबत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली आहे. भाडेकराराचे आणि पोलीस व्हेरिफिकेशनचे कागद नंतर तिनंच पुरे केले, मला फक्त आधारची झेरॉक्स मागितली.

दुपारी तुळशीबागेत जायचं होतं. हिनं दिलेली यादी माझ्या खिशात होती, पाठपोट भरलेली: कुकरपासून सुईदोऱ्यापर्यंत. तुम्ही यादी वाचलीत आणि घडी करून परत दिलीत. "बादली, मग, हँगर, कुलूप. बाकी तिला लागेल तसं ती आणेल." गादीही कॉटच्या मापाची निघाली नाही, तीही मी परत नेली. आणि कुलपाच्या दोन किल्ल्यांपैकी एक मी सवयीनं खिशात टाकली, तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत, "ही किल्ली लातूरला कशाला चाललीय?" पोरगी खोखो हसली. सकाळपासून पहिल्यांदाच.

माझा बेत दोन दिवस राहायचा होता. पाहुण्यांकडं कोथरूडला उतरायचं, तिला ऑफिसपर्यंत सोडायचं, प्रिन्सिपलना भेटून घ्यायचं. तुम्ही साफ सांगितलंत की रात्रीच्या गाडीनं निघा, पहिल्या दिवशी बापाला सोबत घेऊन ऑफिसात गेलेली मुलगी सगळ्यांच्या लक्षात राहते. बोलणं टोचलं. पण मध्यरात्रीच्या लातूर गाडीत बसलो. पुढं तिच्याच तोंडून कळलं की एका मुलाचे वडील खरंच आले होते, आणि त्याला अजून त्यावरून चिडवतात.

आता एक गोष्ट अशी आहे की तिच्याबद्दल आभार मानावेत की भांडावं हे माझं ठरत नाही. ऑगस्टात तिला ताप आला. तुम्ही डॉक्टरकडं नेलंत, रक्त तपासून घेतलंत, डेंग्यू नाही म्हणून कळल्यावर दोन दिवस मऊ भात आणि मेतकूट वर खोलीवर पोचवलंत. आम्हाला कळलं ते ताप उतरल्यावर. मी फोनवर आवाज चढवला. तुम्ही शांतपणे सांगितलंत की घरी कळवू नका असं तीच म्हणाली होती, तुम्ही तिला एका रात्रीची मुदत दिली होती, आणि सकाळी ताप शंभराच्या वर असता तर पहिला फोन मलाच आला असता. वर म्हणालात, "तुम्ही रात्रभर गाडीत बसून आला असतात आणि तापात तिला तुमच्याच जेवणाखाणाची काळजी लागली असती." यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. हिच्याकडं आहे, ती समोर भेटल्यावर सांगेल.

आणि सप्टेंबर. ३० तारीख ही क्लायंटांच्या टॅक्स ऑडिटचे अहवाल भरायची मुदत. कधी वाढते, कधी वाढत नाही. वाढली तरी अगदी शेवटी, तोवर पोरांचा जीव निम्मा झालेला असतो. तुमची मेस साडेनऊला बंद. ती यायची अकराच्या आसपास. ताट झाकून ठेवणं समजू शकतो, ते कुणीही करील. तुम्ही मूठभर कणीक बाजूला ठेवायचात आणि ती आली की दोन पोळ्या गरम लाटायच्यात, तेही पहाटे पाचला उठणाऱ्या बाईनं. जेवताना फोन उलटा ठेवायला लावायचात. ऑफिसातलं काही सांगायला लागली की "आधी जेव, क्लायंट कुठं पळत नाही". रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी मेस बंद, हे सगळ्या पुण्याला माहीत आहे. पण त्या महिन्यातल्या रविवारी संध्याकाळी तिच्या खोलीवर फोडणीची पोळी जायची. यातलं एकही ताट, एकही पोळी बिलात नाही. मी बिलं नीट पाहिली आहेत.

तिनं तुमचा हिशोब कॉम्प्युटरवर करून देते म्हटलं होतं, तेव्हा "माझ्या वहीला काय झालंय?" म्हणालात, असं कळलं. इथं मी तुमच्या बाजूनं आहे.

ही संक्रांतीनंतर पुण्याला येणार आहे. हातात तिळाच्या वड्या असतील, त्या कृपया तोलू नका.

एक कामाचं. औशाच्या आमच्या एका व्यापाऱ्याची मुलगी इंटर झाली, तिलाही पुण्यात फर्म मिळाली आहे. वडील जागा बघायला एकटेच येतो म्हणत होते. मी त्यांना मुलीला घेऊन जायला सांगितलं आहे, आणि जागेचं तिला बोलू द्या म्हणूनही सांगितलं आहे. आजींकडं कॉट रिकामी होणार असेल तर विचारून ठेवावं. नसेल तर तसं स्पष्ट कळवावं, म्हणजे त्यांना दुसरीकडं बघता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
लातूरचा एक मुनीम