डोंगराच्या आराखड्यात खातेदार कुठे आहे?

माननीय संपादक,
स. न.

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर पुन्हा जंगल उभे करण्याविषयी अलीकडे बरेच लिहिले जाते. त्यात वनखाते, शास्त्रज्ञ आणि संस्था यांचा उल्लेख असतो, पण डोंगर ज्यांच्या नावावर आहे त्यांचा क्वचितच. चांदोली आणि कोयनेचे जंगल मिळून 2010 मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, परंतु माथ्यावरून संगमेश्वर तालुक्यात उतरले की वनखात्याची हद्द संपते. रत्नागिरी जिल्ह्यात त्या खात्याकडे जमीन अगदी थोडी आहे आणि बहुतेक डोंगर खासगी मालकीचे आहेत. देवरूखच्या पूर्वेकडील एका गावात माझीही सामाईक जमीन आहे, म्हणून हे पत्र.

आमच्या सातबाऱ्यावर चौतीस नावे आहेत. त्यांपैकी चौघे गावात राहतात, सात जण मयत असून त्यांच्या वारसांची नोंद झालेली नाही आणि उरलेले मुंबई-ठाण्यात आहेत. दहा-बारा वर्षांनी एकदा लाकडाचा ठेकेदार येतो, ऐन-किंजळीच्या झाडांचा अंदाज घेऊन उभ्या जंगलाची उक्ती रक्कम सांगतो, तोडीची परवानगी स्वतःच काढतो आणि सह्यांसाठी विरारपर्यंत माणूस पाठवतो. वाटणी झाल्यावर एकेकाच्या हाती फार काही पडत नाही, तरीही हा व्यवहार होतो, कारण त्या डोंगराचे पैसे देणारा दुसरा कोणी आजवर आमच्या दारात आलेला नाही.

दुसरे कारण भीतीचे आहे आणि ते कोणत्याही आराखड्यात मी वाचलेले नाही. महाराष्ट्र खासगी वने (संपादन) अधिनियम 30 ऑगस्ट 1975 रोजी अमलात आला आणि कित्येकांच्या जमिनी सरकारजमा झाल्या. रान वाढू दिले की जमीन ‘वन’ म्हणून लागते, हा समज तेव्हापासून गावोगाव घट्ट बसला आहे. जमीन खासगी वन ठरवायला जुन्या वन कायद्याखालची नोटीस नुसती निघून भागत नाही, ती मालकाला बजावलेली असली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये स्पष्ट केले. पण भीती जितकी गावात पोचली तितका तो निकाल पोचला नाही. पश्चिम घाटाच्या पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राचे मसुदेही त्याच वर्षापासून पुन्हा पुन्हा निघत आहेत आणि प्रत्येक मसुद्यासरशी कोयते धारेला लागतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्यामुळे पुनरुज्जीवनात सामील होणाऱ्या जमिनीच्या नोंदीत कोणताही बदल होणार नाही आणि कराराच्या मुदतीनंतर मालकाचे हक्क जसेच्या तसे राहतील, एवढे शासनाने आधी लेखी द्यावे, ही माझी पहिली विनंती आहे.

काय लावायचे हा प्रश्न त्यानंतरचा, आणि खरे तर पुष्कळ ठिकाणी काहीच लावायला नको. फाल्गुनात तोडलेल्या किंजळीच्या बुंध्याला पावसाबरोबर आठ-दहा धुमारे फुटतात. त्यांतले जोमदार दोन ठेवून बाकीचे छाटले आणि वणवा येऊ दिला नाही, तर ते पिशवीतल्या कोणत्याही रोपाला मागे टाकतात, कारण खाली जुनी मुळे जिवंत असतात. पऱ्याच्या, म्हणजे डोंगरातल्या ओढ्याच्या, दोन्ही काठांची झाडे राखली, देवरहाटीला (देवाच्या राखीव रानाला) लागून असलेला पट्टा सोडला आणि बेहड्याचे जुने ढोलीचे झाड उभे ठेवले, तर धनेश पक्ष्याच्या घरट्याची सोय होते आणि त्याच्या विष्ठेतून बीही डोंगरभर पडते. मात्र धनेश गट नंबर पाहून उडत नाही. एका खातेदाराने राखून शेजाऱ्याने तोडले तर फारसे काही साधत नाही, म्हणून आराखडा माथ्यापासून पऱ्यापर्यंत सलग डोंगराचा हवा. पडीक वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनीवर मात्र हिरडा, कोकम लावावेत, म्हणजे मालकाला उत्पन्न दिसेल.

सड्याला, म्हणजे उघड्या कातळाच्या पठाराला, तर कृपया हात लावू नये. काही वर्षांपूर्वी आमच्या सड्यावर एका मोहिमेत कातळ फोडून खड्डे घेतले गेले आणि बाहेरची माती भरून त्यात रोपे लावली गेली. एप्रिलपर्यंत ती वाळली. जिथे भाद्रपदात सीतेच्या आसवांची फुले निळी पसरत, तिथे आता त्या मातीबरोबर आलेले रानमोडीचे तण आहे. उघडा कातळ म्हणजे उजाड जमीन नव्हे, ही गोष्ट गुराख्याला विचारली असती तरी कळली असती.

राहिला पैशाचा प्रश्न. तोड न करण्याबद्दल दरवर्षी ठरावीक रक्कम, पंधरा-वीस वर्षांचा करार आणि वणव्याच्या दिवसांत जाळरेषा काढायला गावातल्याच माणसांना मजुरी, असा व्यवहार मांडला तर आमची भावकी विचार करील, एवढे मी खात्रीने सांगतो. त्यासाठीची सभा मात्र जुलैमध्ये तालुक्याच्या ठिकाणी घेऊ नये. गावात सगळी नावे एकत्र भेटतात ती शिमग्याला, तेव्हा देवाची पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर असताना कागद घेऊन यावे आणि मयतांच्या वारसनोंदीसाठी तलाठ्यालाही सोबत आणावे. आमच्या डोंगराच्या तोडीची पाळी पुढच्या वर्षी आहे आणि ठेकेदाराचा निरोप या आठवड्यातच येऊन गेला आहे.

आपला,
एक खातेदार, ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी