तिरळं पोरगं आणि भुलीची भीती

संपादक साहेब, नमस्कार.

मोतीबिंदू शिबिराची बातमी आपल्या पेपरात फोटोसकट येते, चांगलंच आहे, पण तिरळ्या पोरांबद्दल कधी चार ओळी दिसत नाहीत म्हणून लिहितोय. मी जळगावला ऑपरेशन थिएटरमध्ये भूलतज्ज्ञांच्या हाताखाली काम करतो. चोपडा, पारोळ्याकडून पोरं येतात, तपासणी होते, तारीख ठरते आणि भुलीचं नाव निघालं की आजी मधे पडते, "आमना पोर्‍याले भूल नको रे भाऊ." झालं, केस गायब. तेच पोरगं तीन-चार वर्षांनी येतं तेव्हा एका डोळ्याची नजर मंद झालेली असते.

भीती अगदीच खोटी आहे असं मी म्हणणार नाही. डोळ्याचा स्नायू हुकने ओढला की काही पोरांचे ठोके एकदम उतरतात, मॉनिटरची टीक टीक लांबते, आमचे सर नुसतं "सोडा" म्हणतात, सर्जन हुक ढिला करतात आणि टीक टीक परत लायनीवर येते, नाहीच आली तर ठोके वाढवणाऱ्या ॲट्रोपिनची सिरिंज ट्रेमध्ये भरून ठेवलेली असतेच. हा प्रकार डॉक्टर लोकांना १९०८ पासून माहीत आहे. नंतर उलट्याही होतात, त्याचं औषध आधीच देतात. आणि गंमत म्हणजे भूल चढली की तिरळेपणाच बदलतो, कधी डोळा सरळच दिसतो, म्हणून सर्जन जागेपणी घेतलेल्या मापावर चालतात.

दुसरं म्हणजे सिझेरियनला कमरेत देतात ते भुलीचं औषध, बुपिव्हाकेन, तिरळेपणावरही वापरून बघितलंय. मोतीबिंदूला डोळ्यामागे भुलीची सुई देताना कधीमधी औषध स्नायूत जायचं आणि पेशंटला नंतर दोन-दोन दिसायचं, कारण काही जणांत स्नायूचे तंतू मरून नवे यायचे ते जास्त ताकदीचे. सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. ॲलन स्कॉट यांनी मग तेच औषध तिरळ्या डोळ्याच्या कमजोर स्नायूत मुद्दाम टोचून बघितलं, आणि काही पेशंटना समोरच्या ओढणाऱ्या स्नायूत तो ढिला करणारं बोटॉक्स. बोटॉक्सही त्यांनीच आणलेलं बरं का, १९८९ ला अमेरिकेत पहिली मंजुरी डोळ्यांच्या आजारांसाठीच मिळाली, सुरकुत्यांचं नंतर.

तर पुढच्या शिबिराला तुमचा वार्ताहर आला की भूलतज्ज्ञांनाही दोन प्रश्न विचारायला सांगा, आणि "चकणं पोरगं लकी असतं" हे तेवढं एकदा छापून खोडा.

आपला,
एक ओटी असिस्टंट, जळगाव