रूळ गेलेल्या लाईनीवरून

डनीडिन, न्यूझीलंड
16 नोव्हेंबर

ती. काका-काकूंस,
सा. न. वि. वि.

"रूळच नाहीत तर त्या लाईनीवर बघायचं काय?" हा तुमचा फोनवरचा प्रश्न तसाच राहिला. आजीने मध्येच फराळाचा विषय काढला आणि मग चकल्या का हसल्या यावरच वेळ गेला. म्हणून हे पत्र. आई-बाबांना पुण्याला वेगळं लिहीत नाही, याचेच फोटो काढून पाठवा.

लाईनीचं नाव ओटागो सेंट्रल. दक्षिण बेटाच्या आतल्या कोरड्या, उघड्याबोडक्या मुलखात 1879 साली तिचं काम सुरू झालं आणि क्लाइडला गाडी पोचायला 1907 उजाडलं. लोकर, मेंढ्या, फळं हा तिचा माल. पुढे ट्रक आले, धंदा आटला. क्लाइडच्या धरणाचं सामान वाहण्यापुरती ती जगली आणि 1990 मध्ये बंद पडली. आपल्या ग्वाल्हेर-श्योपूरच्या छोट्या लाईनीचंही याहून फार वेगळं झालं नाही. दोन रुळांमधलं अंतर आपलं दोन फूट, हिचं साडेतीन फूट, एवढाच काय तो थाटातला फरक.

डनीडिनच्या बाजूचा तुकडा इथल्या नगरपालिकेने पर्यटकांच्या गाडीसाठी घेतला. त्यापुढचे रूळ आणि स्लीपर विकले गेले, जमीन मात्र फुटू दिली नाही. मिडलमार्च ते क्लाइड हा सगळा पट्टा सरकारच्या निसर्गसंवर्धन खात्याने 1993 मध्ये एकसंध घेतला. पुलांवर फळ्या ठोकल्या, कठडे लावले, रुळांखालच्या जाड खडीवर बारीक खडी दाबली आणि 2000 साली 152 किलोमीटरची वाट मोकळी झाली. सायकलने जा, पायी जा, घोड्यावरून जा. आधी शेतकऱ्यांनी कडकडून विरोध केला होता. आता वाटेवरच्या गावांतली खानावळ, दारूचा गुत्ता, भाड्याच्या खोल्या, सगळं सायकलवाल्यांच्या जिवावर चालतं.

माझी सायकल ग्रॅव्हलची, म्हणजे खडीच्या वाटेसाठीची आहे. हँडल रेसिंगच्या सायकलीसारखं खाली वळलेलं, पण टायर जाड, चाळीसेक मिलिमीटरचे. त्यात हवा जरा कमीच ठेवायची, कडक भरली तर एकेक खडा मनगटाला मोजता येतो. वळणावर खडी कडेला सरकून सैल पडते, तिथे पुढचा ब्रेक दाबायचा नाही. बाकी कौशल्य काही लागत नाही, कारण अवघड काम आधीच कुणीतरी करून ठेवलंय. इंजिनाला चढ सोसत नाही हे तुम्हाला मी काय सांगणार, लोखंडावर लोखंड घसरतं. म्हणून इथे कडकातला कडक चढ पन्नासाला एक, म्हणजे पन्नास मीटर गेल्यावर एक मीटर वर. डोंगर आला की तो कापलाय, ओढा आला की भराव घातलाय, तेही बहुतेक कुदळ-फावड्यांनी. वेडरबर्न आणि ओटुरेहुआच्या मधली जागा सगळ्यांत उंच, 618 मीटर, पण तिथे पोचल्याचं पाटी वाचून कळतं, मांड्यांना पत्ता नसतो. जाच होतो तो वाऱ्याचा. आडोसा म्हणून झाड नाही. पिवळं गवत, कुंपणाच्या तारा, लांबवर बोडके डोंगर, आणि वारा समोरून असेल तर उतारावरही पायडल मारावं लागतं.

बघण्यासारखं म्हणाल तर पूलबर्नची दरी. तिथे दोन बोगदे आहेत, दोन्ही दोनशे मीटरांहून थोडे मोठे, आणि जवळच 37 मीटर उंचीचा पूल, दगडी खांबांवर लोखंडी सांगाडा. बोगद्यात दिवे नाहीत. लोक उतरून टॉर्च लावून चालतात, मीही तेच केलं. जिथे भिंत घडवलेली नाही, कातळ तसाच आहे, तिथे उजेड आडवा धरला की सुरुंगाच्या भोकांचे अर्धे पन्हळ दिसतात. पहार धरणाऱ्याचा हात कुठे थोडा कलला तेसुद्धा ओळखता येतं. मी तिथे इतकी रेंगाळले की मागून आलेल्या बाईंनी काही हरवलंय का म्हणून विचारलं! बाहेर पडलं की लगेच पुलावरच्या फळ्या सुरू, चाकाखाली खडखड, आणि फटींतून खोल खाली पाणी.

हाइडजवळच्या खिंडीतलं मात्र तुम्हाला सांगू की नको असं झालं होतं. 4 जून 1943 ला भरधाव गाडी वळणावर रूळ सोडून गेली, 21 माणसं गेली. रस्त्याच्या कडेला दगड रचून स्मारक केलंय. ते वळण सायकलवर बसून बघितलं तर अगदी साधं वाटतं.

क्लाइडकडे मुलूख बदलतो. खडकाळ टेकड्यांवर रानटी थाइमचं सुवासिक झुडूप माजलंय आणि सध्या त्याला जांभळा बहर आहे. टायरखाली चिरडलं की चक्क ओव्याचा वास येतो. दोन्हींत थायमॉल नावाचं एकच द्रव्य असतं म्हणे. काकूंच्या ओव्याच्या पुऱ्या आठवल्या आणि खिशात होतं ते कोरडं ओट्सचं बिस्किट.

आता तुमच्या मनातलं. मार्च 2020 मध्ये लॉकडाऊनला गाडी थांबली ती थांबलीच, याचं तुम्हाला दुःख आहे. इतकी वर्षं जौऱ्याच्या शाळेत त्याच गाडीने गेलात, तेव्हा ते मला कळतं. पण एक बोलू? इथे या वाटेवर कामासाठी जाणारा माणूस मला भेटला नाही. सगळे माझ्यासारखे हौशी. आपल्या गाडीच्या टपावर बसायची ती माणसं हौशी नव्हती, डब्यात जागा नसायची आणि दुसरी सोय नव्हती म्हणून बसायची. श्योपूरपर्यंत दोनशे किलोमीटरला दहा-अकरा तास. तेव्हा सुमावली, जौरा, कैलारसला मोठी लाईन आली हे चांगलंच झालं. हळहळणाऱ्यांत मला धरू नका.

ग्वाल्हेर शहरातल्या तुकड्याचं तसं नाही. नवी लाईन बिरलानगर-रायरूवरून जाते आणि घोसीपुरा-मोतीझीलची जुनी पट्टी पडून आहे, हे तुम्हीच सांगितलंत. तिच्यासाठी भांडायला हवं. गाडी पुन्हा सुरू करा म्हणून नव्हे, ते होणार नाही. पट्टी तुटू नये म्हणून. मध्ये एकाची भिंत उभी राहिली की पुढचं-मागचं दोन्ही वाया. या लोकांनी शहाणपणा केला तो एवढाच, आधी सलग जमीन धरून ठेवली, काय करायचं ते नंतर सात वर्षं ठरवत बसले. आपल्या लष्कर भागातून लहान पोरांना ट्रॅफिकशिवाय सायकलने जाता येईल असा दुसरा रस्ता आहे का तुम्हीच सांगा. अर्थात आपल्याकडे पहिल्याच दिवशी मोटरसायकली घुसणार, तेव्हा तोंडाशी खांब रोवावेच लागतील. आणि दुतर्फा कडुनिंब. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात इथल्यासारखी उघडी वाट म्हणजे तवा. तुमच्या सकाळच्या मंडळींपैकी कुणाची नगर निगममध्ये ओळख असेल तर विषय काढून बघा, निदान पट्टी कुणाच्या नावावर आहे तेवढं तरी कळेल.

इथे स्टेशनांच्या जागी लहान पेट्या आहेत, त्यांत रबरी शिक्का असतो. एक पुस्तिका मिळते, तिच्यात शिक्के मारत जायचं. तुमच्यासाठी एक पुस्तिका भरली आहे. रॅनफर्लीचा शिक्का शाई सुकल्यामुळे पुसट आलाय, चालवून घ्या. याच पाकिटात घालतेय.

आजीला नमस्कार, चिंटूला पापा.

तुमची
मनू

ता. क. काकू, गुडघ्यांचं निमित्त चालणार नाही. तुमच्या वयाच्या कितीतरी बायका इथे बॅटरीच्या सायकलवर दिसतात, आणि दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर करून थांबतातही. तिकीट काढाल तर फेब्रुवारी-मार्चचं काढा. इथला जुलै नको, याच वाटेजवळच्या ओफिर गावात 1995 च्या जुलैत पारा उणे 21.6 ला गेला होता. काकांना तिकडच्या पंचेचाळीसची सवय आहे, ती इथे उपयोगाची नाही.