मेस्त्रीकाका, थँक्यू! आता नळाला बियर येतेय

मेस्त्रीकाका, नमस्कार.

तुम्हाला फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरें, बरें" करून फोन ठेवून देता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहून टाकतोय, आता ठेवा फोन बघू. तुमची धाकटी वाचून दाखवेलच तुम्हाला, आणि तिने मधलं काही गाळू नये म्हणून तिलाही एक नळाची कोकम सोडा लागू.

बाकी लोकांसाठी थोडं सांगतो. गोव्यात पेडण्याच्या बाजूला आमचं छोटं बार-रेस्टॉरंट आहे, बाबांच्या वेळचं, तेव्हा फेणी, हुर्राक (काजूची पहिल्या धारेची हलकी दारू) आणि तळलेले बांगडे एवढाच मेनू. आता सीझनला येणारं गिऱ्हाईक बसायच्या आधी विचारतं की ड्राफ्ट, म्हणजे नळाची बियर, आहे का, आणि आम्ही पिंटची बाटली दाखवली की तोंड वाकडं करतं. रेडिमेड मशीनचा भाव काढला तर त्या पैशात शेडचे पत्रे बदलून झाले असते. मग कळलं की बाहेरच्या देशात लोक घरच्या घरी डीप फ्रीझरच्या आडव्या पेटीतच केग, म्हणजे बियरचा पिंप, ठेवतात, वर नळ लावतात आणि मस्त चालतं. एक आइस्क्रीमवाला दुकान बंद करत होता, त्याच्याकडून पेटी उचलली, झाकण पत्र्याचं, काचेचं नाही, आणि पावसात धंदा मंदच असतो म्हणून जूनमध्ये पडवीत काम काढलं. म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराला आलो तेव्हा सहज तुमच्या फ्रिज-दुरुस्तीच्या दुकानात डोकावलो, खरं तर फक्त थर्मोस्टॅट विचारायला.

तुम्ही पूर्ण ऐकून घेतलंत आणि पहिलं वाक्य काय बोललात, तर "पुता, आंगाक बुराक मारूं नाका." पेटीच्या अंगाला भोक पाडायचं नाही. का, ते पण नीट समजावलंत, आणि हे मला कुठल्याच व्हिडिओवाल्याने इतकं स्वच्छ सांगितलं नव्हतं. उभ्या जुन्या फ्रिजला मागे काळी जाळी दिसते ना, ती या पेटीला दिसत नाही कारण ती नळी बाहेरच्या पत्र्याच्या आतून फिरवलेली असते, म्हणून तर चालू असताना पेटीच्या बाजू हाताला गरम लागतात, आणि आतल्या भिंतीमागे थंड करणारी नळी असते, मध्ये फोम. ड्रिल कुठेही घुसवलं तरी दोन्हीपैकी एक फुटायची भीती. आणि हल्लीच्या पेट्यांमध्ये आर सिक्स हंड्रेड ए गॅस असतो, म्हणजे आयसोब्युटेन, थोडाच असतो पण पेट घेणारा, तो ड्रिलच्या ठिणगीशेजारी सुटला तर काय होईल ते तुम्ही हाताने नुसतं "फुस्स" करून दाखवलंत. ते फुस्स मला अजून आठवतं.

म्हणून मग चौकट. झाकण काढायचं, पेटी आणि झाकण यांच्यामध्ये लाकडाची साधारण २० सेंटिमीटर उंचीची चौकट घालायची आणि जी काय भोकं पाडायची ती त्या लाकडाला. नळ त्यातूनच, वायरी त्यातूनच. शिवाय केगच्या तोंडावर कपलर, म्हणजे नळ्या जोडायचा जोड, बसतो त्याला जी जास्तीची उंची लागते तीही मिळते. लाकूड फणसाचं घ्या म्हणून तुम्हीच सांगितलंत, आमच्या परसातला एक फणस मागच्या वादळात पडला होता त्याच्या फळ्या पडूनच होत्या. आतून थर्मोकोलची जाड शीट, कडेने फोमची पट्टी, सांध्यात सिलिकॉन.

यात एक मोठा वाद झाला, आठवतो का? चौकट पेटीला चिकटवायची की झाकणाला. सुताराचं म्हणणं पेटीला, सोपं पडतं. तुम्ही म्हणालात, भरलेला केग २५ किलोच्या वर जातो, तो रोज वीस सेंटिमीटर जास्त उंच उचलून आत कोण सोडणार, तू की तुझी आई? चौकट झाकणाला लावली की दोन्ही एकत्र उघडतात आणि पेटीची कड आहे तेवढीच खाली राहते. पण मग बिजागऱ्यांच्या स्प्रिंग नुसत्या झाकणाच्या वजनाच्या हिशोबाने असतात, त्यावर लाकूड आणि नळ आले की झाकण धाडकन खाली येणार, हे सुद्धा तुम्हीच काढलंत आणि उपाय पण तुम्हीच आणलात, भंगारातल्या कुठल्याशा गाडीच्या डिकीचे गॅसवाले दांडे. आता झाकण एका बोटाने उघडतं आणि तिथेच थांबतं. बघायला येणारा प्रत्येक जण आधी ते झाकणच चार वेळा वरखाली करतो, बियर नंतर.

पण मला खरं बोलायचंय ते वेगळंच. काका, तुम्ही आयुष्यात बियर पीत नाही. मार्च-एप्रिलला लिम्का घालून हुर्राक, संपलं. बियरचा नळ तुम्ही त्याआधी कधी हाताने ओढला नव्हता, तरी माझ्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे होतं, कारण तुमच्या मते यात बियर वगैरे काही नाहीच, गारवा, दाब आणि पाणी एवढंच आहे, आणि त्या तिघांशी तुम्ही चाळीसेक वर्षं भांडताय.

नळीचं बघा ना. बियर गॅसच्या साधारण १२ पीएसआय (दाबाचं माप) दाबाखाली ठेवायची, ४ डिग्रीला तेवढ्या दाबात तिच्यातला गॅस बरोबर टिकून राहतो. पण तोच दाब आखूड, जाड नळीतून एकदम नळावर आला की ग्लासात नुसता फेस. म्हणून आतून जेमतेम ५ मिलिमीटरची बारीक नळी घ्यायची आणि ती चांगली ३ मीटर लांब ठेवायची, गुंडाळी करून, म्हणजे घासत घासत दाब वाटेतच उतरतो. मी हे कागदावर आकृती काढून सांगत होतो, तुम्ही अर्ध्यावर थांबवलंत, "म्हणजे कॅपिलरीच की." फ्रिजमध्ये पण बारीक लांब नळीतूनच दाब उतरवतात आणि ती दोन बोटं कमी जास्त कापली तरी फ्रिजची चाल बदलते. त्यामुळे नळी आधी लांबच ठेव, मग हवी तर थोडी थोडी काप, कापलेली परत जोडता येत नाही, हा सल्ला पण तिथूनच आला.

गॅसच्या बाटल्याचं पण तेच झालं. बियरला दाब देणाऱ्या सीओटूचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा, सिलिंडर आम्ही आतच ठेवला, कॉम्प्रेसरच्या वर जी पायरी असते तिच्यावर. बाहेर होता तेव्हा दाब दाखवणाऱ्या मोठ्या घड्याळाचा काटा ७० बारच्या आसपास, आत थंड झाल्यावर बघतो तर ४० च्या खाली, भाचा ओरडत सुटला, गॅस गेला गॅस गेला. तुम्हाला फोन लावला तर तुम्ही हसताय. तो काटा गरमी सांगतो, माल सांगत नाही. बाटल्यात पातळ गॅस शिल्लक असेपर्यंत दाब तापमानावरच चालतो, शेवटचा थेंब उडाला की मगच काटा घसरायला लागतो. तुमच्या फ्रिजच्या गॅसच्या बाटल्यांचंही असंच असतं म्हणून तुम्ही कायम वजन करूनच बघता. आम्ही पण आता मासळीच्या काट्यावर सिलिंडर ठेवतो, गळ्यावर रिकाम्याचं वजन कोरलेलं असतं ते वजा करायचं. आणि जास्तीचा सिलिंडर उन्हात ठेवू नको, हे दोनदा बजावलंत. सीओटू ३१ डिग्रीच्या वर पातळ राहतच नाही आणि भरलेल्या बाटल्यात दाब भराभर चढतो, आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली ३१ म्हणजे सकाळचे नऊ. तो आता विहिरीकडच्या सावलीत उभा साखळीने बांधलाय. मशीनच्या खोलीची वरची आणि खालची दोन्ही झडपं उघडी असतात, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साठतो आणि कळत पण नाही. साबणाचं पाणी लावून सगळे सांधे तुम्ही स्वतः तपासलेत, एका ठिकाणी बुडबुडा आला तर वॉशर बदलेपर्यंत जेवायला बसला नाहीत, आणि आईने त्या दिवशी तिसऱ्याचं सुकं केलं होतं! एवढ्यावरून तरी आई तुम्हाला संत मानते.

आता पाण्याचं. हे जर तुम्ही नसतात तर माझ्या डोक्यातच आलं नसतं. फ्रीझर उणे १८ ला चालतो तेव्हा हवेतला ओलावा भिंतींवर बर्फ होऊन बसतो, त्रास देत नाही. आपण तोच फ्रीझर तापमानाचा कंट्रोलर लावून ४ वर आणला, कारण बियर शून्याच्या दोनेक डिग्री खाली गेली की गोठायला लागते, मग तो ओलावा बर्फ होत नाही, पाणी होऊन तळाला उतरतो. आणि आपला पाऊस! जुलैत इथे चपला पण बुरसटतात. तुम्ही सांगितलंत की पेटी कोरडी ठेवलीस तर दहा वर्षं जाईल, नाहीतर दोन पावसात तळ गंजेल आणि लाकडाला बुरशी. म्हणून खालची बूच असलेली निचऱ्याची वाट मोकळी करून दिलीत, सिलिका जेलचे दाणे आणून दिलेत, नारिंगी असतात ते हिरवे झाले की बहीण केक झाल्यावर त्याच गरम ओव्हनमध्ये वाळवून घेते. आणि कॉम्प्युटरचा छोटा १२ व्होल्टचा पंखा, जुना, तुमच्याच कपाटातला. थंड हवा तळाला बसते, चौकटीकडे गरम राहते, मग नळाजवळची नळी गरम आणि पहिला ग्लास फेसाचा, तो पंखा खालची हवा वर फेकतो. वासही येत नाही आत.

कंट्रोलरचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, हवेत लोंबकळत न ठेवता केगला चिकटवून वरून फोम बांधायचा, ही पण तुमचीच युक्ती, नाहीतर झाकण उघडलं की हवा तापते आणि कॉम्प्रेसर उगाच धावतो. आणि बंद झाल्यावर लगेच परत सुरू होऊ द्यायचा नाही, निदान तीन मिनिटं, आपण पाच ठेवलीत, कारण नळीतला दाब उतरलेला नसताना कॉम्प्रेसरला उठवलं की तो घुमतो, तापतो आणि एक दिवस जातो. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट जाते-येते-जाते, त्यामुळे वेळ लावून चालू होणारा स्टॅबिलायझर घेतल्याशिवाय मी प्लगच लावू देणार नाही म्हणून तुम्ही अडून बसलात. तेवढ्याचे पैसे घेतलेत, बाकी कशाचे नाही. मी पाकीट काढलं तर म्हणालात चवथीला नारळ पाठव. पाठवलेत, पोचले ना?

दोन नळ आहेत, लोकहो. एकाला बियर, लायसनवाल्या ब्रुअरीचा केग, बिलासकट. दुसऱ्याला कोकमची सोडा, कारण आई म्हणाली घरात एवढं मोठं मशीन आणि मला प्यायला काही नाही का. कोकमाचा अर्क गाळून घ्यावा लागतो, दोनदा, नाहीतर नळी तुंबते. दर दोन आठवड्यांनी दोन्ही नळ्या क्लीनरने धुतो, हे मात्र ब्रुअरीवाल्यांनी शिकवलं, उगाच सगळं क्रेडिट तुम्हाला नको. आणि खरं सांगू का, सोडाच जास्त खपते. दुपारी बायका-पोरं येतात ती त्या नळासाठी.

तर मेस्त्रीकाका, मनापासून थँक्यू. म्हापशाहून पावसात स्कूटरवर इतक्या लांब आलात, रेनकोट टाकून जमिनीवर आडवे होऊन मागच्या वायरी बघितल्यात, आणि एकदाही "हे कशाला करतोस" असं विचारलं नाहीत. घरातल्या बाकी सगळ्यांनी विचारलं होतं.

शेजारच्या गावातल्या एका बारवाल्याने पण पेटी घेतलीय, तुमचा नंबर मागतोय, मी तुम्हाला विचारल्याशिवाय दिलेला नाही, देऊ का ते कळवा. आणि तुमचा मल्टिमीटर आमच्याकडेच राहिलाय, स्टॅबिलायझरच्या मागे होता. येत्या शुक्रवारी बाजाराला येताना घेऊन येतो, दुकान उघडं ठेवा.

तुमचा,
पेडण्याचा नळवाला